खुराड्याचा पत्रा वादळात का उडतो?

अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी आली, की पुण्यात वाघोलीपासून किरकटवाडीपर्यंत परसातल्या खुराड्यांवर विटा, दगड आणि जुने टायर चढू लागतात. पत्रा उडू नये म्हणून सगळेच हे करतात, पण मोठ्या वादळात त्याचा जवळजवळ काही उपयोग होत नाही. उलट धोका वाढतो. पत्रा सुटला तर वीट आतल्या कोंबड्यांवर तरी पडते, नाहीतर शेजाऱ्यांच्या खिडकीवर.

पुण्यापासून समुद्र सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर, मध्ये सह्याद्री. म्हणून चक्रीवादळ हा कोकणाचा प्रश्न, असा आपला समज. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. जमिनीवर आलेल्या वादळाचा बाष्पाचा पुरवठा तुटतो आणि ते शमत जातं, पण लगेच शमत नाही. त्याच दिवशी मावळ, मुळशी, जुन्नर भागांत घरांचे पत्रे उडाले, पॉलिहाउस फाटली, पोल्ट्रीच्या शेड पडल्या. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत वळीव येतो, त्याचे झोत कुठल्याही चक्रीवादळाची वाट पाहत नाहीत.

पत्र्याचं गणित एकदा नीट मांडून पाहू. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. इमारतींच्या भारतीय मानकात (आयएस ८७५, भाग ३) सूत्र सोपं आहे: दर सेकंदाला मीटरमध्ये वेग घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. उत्तर दर चौरस मीटरला न्यूटनमध्ये येतं. ताशी ४० किलोमीटरला दर चौरस मीटरवर साधारण साडेसात किलो वजनाइतका दाब येतो. वेग दुप्पट, म्हणजे ८० झाला की दाब चौपट, ३० किलो. १२० ला नऊपट, म्हणजे ६८ किलो. याच मानकात पुण्यासाठी धरलेला मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर आहे. तो मोकळ्या जागेत दहा मीटर उंचीवरच्या तीन सेकंदांच्या झोताचा. घरांच्या आडोशाला परसात तो बराच कमी भरेल. गच्चीवर किंवा माळावर तितका कमी होणार नाही.

हा दाब छपराला खाली दाबतो की वर उचलतो? बहुतेकांच्या मनात वारा ढकलतो असंच चित्र असतं. छपराच्या कडेवर आदळलेला वारा तिथून सुटून वरून निघून जातो. पत्र्याच्या लगत, विशेषतः कडेला आणि कोपऱ्यांना, कमी दाबाचे भोवरे राहतात आणि ते पत्र्याला वर ओढतात. ही झाली बाहेरची ओढ. दुसरी गोष्ट आत घडते. आपलं खुराडं सहसा तीन बाजूंनी बंद आणि समोरून जाळीचं असतं. वारा जाळीकडून आला तर आत शिरतो, बाहेर पडायला वाट नसते, आतला दाब वाढतो आणि तोही पत्र्याला खालून वर ढकलतो. वरची ओढ आणि खालचा रेटा यांची बेरीज होते. उतरतं छप्पर आणि समोर मोठी उघडी बाजू असेल तर ही बेरीज मूळ दाबाच्या दीडपटीच्याही वर जाते.

आता आकडे घालू. दोन मीटर बाय दीड मीटरचं छप्पर, म्हणजे तीन चौरस मीटर. ताशी ८० चा झोत, ३० किलो गुणिले १.६ गुणिले ३: उचल जवळजवळ १४५ किलो. अर्धा मिलिमीटर जाडीचा पन्हळी पत्रा एवढ्या मापाला १४ किलोंच्या आसपास भरतो. तीन किलोची एक वीट धरली तर दहा विटांचे ३० किलो. मिळून ४४. शंभर किलो कमीच पडतात. आणि कोपऱ्यावरची ओढ सरासरीपेक्षा बरीच जास्त असल्याने पत्रा आधी तिथूनच उघडतो आणि मग पुस्तकाच्या पानासारखा उलटतो.

म्हणून पत्रा वरून दाबायचा नसतो, खालून धरायचा असतो. खिळा फक्त घर्षणावर टिकतो. वारा दर झोताला त्याला थोडा थोडा वर खेचतो आणि शेवटी सरळ उपटतो. सांगाडा लोखंडी असेल तर सेल्फ ड्रिलिंग स्क्रू किंवा इंग्रजी ‘J’ आकाराचे हूक, लाकडी असेल तर लाकडात दोन इंच शिरणारा स्क्रू वापरा. प्रत्येकाखाली रबरासह रुंद वॉशर हवंच, नाहीतर स्क्रू जागेवर राहतो आणि पत्रा त्याच्या डोक्याभोवती फाटून निघून जातो. मधल्या भागात स्क्रू फूटभर अंतरावर चालतील. कडेला आणि कोपऱ्यांत ते अंतर निम्मं करा. भिंतीबाहेर आलेली वळचण सहा इंचांपेक्षा जास्त ठेवू नका, कारण तिच्यावर खालूनही वारा लागतो.

पत्रा घट्ट झाला की तोच भार सांगाड्यावर येतो आणि आता अख्खं खुराडं उचललं जातं किंवा कलंडतं. १४५ मधून पत्र्याचे १४ वजा केले की १३१ उरतात, चार पायांत वाटले तर प्रत्येकी ३३. पण वाऱ्याकडच्या दोन पायांवर यापेक्षा बराच जास्त ताण येतो, आणि वेग ८० ला थांबेल याची खात्री नाही. म्हणून दर पायाला शंभर किलो तरी धरेल अशी तयारी हवी. मुरमाड जमिनीत मीटरभर लांबीचा ३५ मिलिमीटरचा लोखंडी अँगल, माथा खुराड्यापासून बाहेर झुकवून, दोन-सव्वादोन फूट आत ठोका. मांजरी-हडपसरकडच्या काळ्या जमिनीत हा उपाय फसतो. ती भिजली की मऊ होते आणि अँगल सुटतो. तिथे दीड फूट खोल, फूटभर रुंद खड्डा करून काँक्रीट ओता. ते पक्कं व्हायला आठवडा द्यावा लागतो, त्यामुळे हे काम इशारा येण्याआधीचं आहे. गच्चीवर स्लॅबला भोकं पाडू नका, वॉटरप्रूफिंग जातं. सांगाड्याच्या तळाच्या चौकटीवर वाळूची पोती ठेवून ती चौकटीला बांधा, किंवा दोनशे लिटरचे भरलेले ड्रम दोन बाजूंना जखडा. वजन तळाला असलं की उपयोगी पडतं.

बांधायला नायलॉनची दोरी नको. भिजली की ती ताणते आणि सैल पडते. ट्रकवाले वापरतात तो रॅचेट बेल्ट किंवा जाड जीआय (जस्त चढवलेली) तार घ्या. पत्र्याची कड बेल्ट कापते, म्हणून तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला.

आता कोणती बाजू झाकायची? उत्तर गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. त्याचं केंद्र पुण्याच्या पश्चिमेला असेल तेव्हा आपल्याकडे वारा दक्षिणेकडून येतो. केंद्र वायव्येला सरकलं की नैर्ऋत्येकडून, आणि उत्तरेला गेलं की पश्चिमेकडून. अरबी समुद्रातून येणारी वादळं बहुधा आपल्या पश्चिमेकडूनच उत्तरेला जातात. म्हणून दक्षिण आणि पश्चिम बाजू प्लायवूडने बंद करा, आणि ईशान्येकडे छपराखाली वीतभर जाळी उघडी ठेवा. ती उघडी फट आतला दाब बाहेर सोडते, पत्र्यावरची उचल कमी करते आणि हवाही खेळती ठेवते. चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळणं सगळ्यात वाईट. ताडपत्री वाऱ्याने फुगते, आत उकाडा होतो आणि विष्ठेतल्या युरिक आम्लापासून जिवाणूंनी केलेला अमोनिया साठून राहतो.

ताशी ८० च्या वर झोतांचा इशारा असेल, किंवा खुराडं ओढ्याकाठी असेल, तर कोंबड्या अंधार पडण्याआधी घरात घ्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला आलेला पूर आठवा. खडकवासला धरणाच्या विसर्गाचा आकडा तरी कळतो, ओढे आगाऊ कळवत नाहीत. फळांचे प्लॅस्टिक क्रेट चालतात: तळाशी तूस, वरून दुसरा क्रेट उलटा बांधून झाकण, एकात फार तर तीन मोठ्या कोंबड्या. डालगंही चालेल, पण घराच्या आतच. जागा अंधारी ठेवा, अंधारात त्या शांत बसतात. खुडूक कोंबडी अंड्यांसकट वेगळ्या क्रेटमध्ये. ज्या खोलीत त्या आहेत तिथे कोळशाची शेगडी किंवा जनरेटर कधीही लावू नका. कार्बन मोनॉक्साइड माणसालाही मारतो, आणि पक्ष्याच्या फुप्फुसांत हवा एकाच दिशेने सतत वाहत असल्याने त्याला विषारी वायू लवकर बाधतो. लहान पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश लागतात. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्यांच्यात ठेवा.

मोठी अंड्यावरची कोंबडी रोज ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते आणि पाव लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात दुप्पट. दहा कोंबड्यांना आठवड्याला साडेआठ किलो खाद्य, झाकणाच्या ड्रममध्ये, विटांवर उचलून. वीज नाही म्हणजे पंप नाही, म्हणून पाणीही आधीच भरा.

या दिवसांत कोंबडा भलत्या वेळी आरवला की अपशकुन म्हणून त्याची मान मुरगाळणारी घरं अजून आहेत. पहाटेचं आरवणं शरीरातल्या घड्याळावर चालतं, हे जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं. याशिवाय अचानक पडलेला उजेड आणि दुसऱ्या कोंबड्याची बांग यांनीही तो आरवतो. विजा चमकणाऱ्या रात्री तो आरवणारच. त्याचा जीव घेण्याचं काहीच कारण नाही. आणि कोंबड्यांना वादळ आधी कळतं म्हणून त्यांच्या भरवशावर राहण्याचंही नाही. हवामान खात्याचा इशारा कितीतरी तास आधी येतो.

वादळ सरल्यावरची घाईही महागात पडते. ओलं तूस तसंच ठेवून वर चुना भुरभुरवला जातो. चुना अल्कधर्मी, त्याने ओल्या विष्ठेतला अमोनिया आणखी भरभर वायू होऊन बाहेर पडतो. आधी ओलं तूस पूर्ण काढा, जमीन वाळू द्या, मग चुना आणि त्यावर कोरडं तूस. ओल आणि ऊब मिळाली की कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीचे बीजाणू एक-दोन दिवसांत रोग पसरवण्याजोगे होतात आणि साधी जंतुनाशकं त्यांना मारत नाहीत. आठवड्याभरात रक्ताची विष्ठा दिसली किंवा कोंबड्या पिसं फुलवून कोपऱ्यात बसल्या, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे जा. भिजलेलं किंवा बुरशीचा वास येणारं खाद्य वाळवून पुन्हा घालू नका. बुरशीचं विष उन्हाने जात नाही. आठ-पंधरा दिवस अंडी कमी होतील, त्यावर औषध लागत नाही. आणि कोंबड्या परत सोडण्याआधी अंगणभर दोरीला बांधलेलं लोहचुंबक फिरवा. तुटलेले स्क्रू, तारेचे तुकडे, खिळे कोंबडी चटकन टिपते आणि ते तिच्या पेषणीला आतून भोक पाडतात.