वारही दोन, फूटही दोन

आमच्या बडोद्यात जागा वारात बोलतात. शंभर वारांचा प्लॉट म्हणजे ९०० चौरस फूट. मांडवीत लुगडं घ्यायला जा, तेही वारातच: नऊवारी. पण नऊवारी म्हणजे ८१ चौरस फूट कापड, असा हिशोब आजवर कुठल्या बाईने केल्याचं मी ऐकलेलं नाही. कापडाचा वार लांबीचा, पन्हा निराळा विचारायचा, आणि जमिनीचा वार चौरसाचा, हे कुणी शिकवावं लागत नाही.

फुटाशी गाठ पडली की मात्र हे शहाणपण कुठे जातं कोण जाणे. बोलताना आपण क्षेत्रफळाचा ‘चौरस’ही गिळतो आणि लांबीचा ‘रनिंग’ही. उरतो नुसता फूट.

परवा न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला. “मामा, घराला बाहेरून नवं साइडिंग लावायचंय. घर २२४० फुटांचं आहे. तेवढा माल मागवू ना?” तिकडची घरं लाकडी सांगाड्याची. भिंतीवर बाहेरून विनाइलच्या लांब आडव्या पट्ट्या बसवतात, वरची खालचीवर चढलेली, म्हणजे पाणी ओघळून जातं. त्याचे २२४० हे ४० × २८ च्या दोन मजल्यांचं जमिनीचं माप. “अरे, साइडिंग काय फरशीवर अंथरायचंय?” म्हटल्यावर तो हसला आणि टेप घेऊन बाहेर गेला. तासाभराने पुन्हा फोन. आता त्याने भिंतींचे चौरस फूट आणि खिडक्या, दरवाजे, छपराच्या कडांचे फूट एकाच बेरजेत घातले होते. २८१२ फूट. कशाचे, ते देवालाच ठाऊक.

मी त्याला म्हटलं, आजीचं लुगडं आठव. अंग वेगळं, काठ वेगळा. अंग चौरस फुटात मोजायचं, काठ रनिंग फुटात.

आधी अंग. घराचा घेर १३६ फूट, भिंत १८ फूट उंच: २४४८. दोन बाजूंना छपराखाली त्रिकोण राहतात. पाया २८, उंची ७, गुणाकाराचं निम्मं, म्हणजे ९८ एकेक. दोन्ही धरून २६४४. गॅरेजचा १६ × ७ चा दरवाजा आणि मागचा ६ × ७ चा सरकता दरवाजा वजा करायचा. राहिले २४९०. खिडक्या मात्र वजा करायच्या नाहीत, पुढचा ३ × ७ चा दरवाजाही नाही. पट्टी खिडकीपाशी कापली की उरलेला तुकडा बहुतेक वेळा दुसरीकडे बसत नाही, तो फुकटच जातो. वर दहा टक्के तुटीचे, की झाले २७३९. तिकडे १०० चौरस फुटांना ‘स्क्वेअर’ म्हणतात, महाराष्ट्रातला बांधकामवाला म्हणतो तो ब्रासच. एका खोक्यात सहसा दोन स्क्वेअर येतात, तेव्हा १४ खोकी. अंग संपलं.

वेळ खातो तो काठ. विनाइल उन्हाने वाढतं, थंडीने आखडतं. साडेबारा फुटांच्या एका पट्टीत हा फरक अर्ध्या इंचाहून जास्त पडू शकतो. म्हणून खिळा घट्ट ठोकत नाहीत, पट्टी नुसती टांगून ठेवतात आणि टोकाला पाव इंच मोकळं सोडतात. ती फट झाकायला खिडकीभोवती पन्हळीसारखी दुमडलेली पट्टी बसवतात. आकार इंग्रजी जे अक्षराचा, म्हणून नाव जे-चॅनेल. जिथे जिथे भिंत थांबते तिथे ही लागते, आणि भिंत किती मोठी याचं तिला काही देणंघेणं नसतं.

भाच्याच्या १२ खिडक्या, प्रत्येक ३ × ५. एकीचा घेर १६ फूट, सगळ्यांचा १९२. त्याच १२ खिडक्यांऐवजी १२ × १५ ची एकच अगडबंब काच असती, तर क्षेत्रफळ तेच, १८० चौरस फूट, पण घेर फक्त ५४. चौरस फुटांवरून रनिंग फूट काढायचा कोष्टक अजून कुणी बनवलेला नाही, बनणारही नाही. तिन्ही दरवाजांच्या तीन-तीन बाजू मिळून ६७ आणि त्रिकोणांच्या चार उतरत्या कडा मिळून ६३ फूट. एकूण ३२२. साडेबारा फुटी नग २६ होतात, तुटीसकट २९ घ्यावेत.

काठातही नुसता भागाकार फसवतो. कोपऱ्याच्या खांबपट्ट्या बहुधा दहा फुटी मिळतात. चार कोपरे, १८ फूट उंची, ७२ फूट. भागाकाराने आठ येतात, आणि ते बरोबर आहे. पण भिंत १६ फुटी असती तर ६४ भागिले १० करून दुकानदाराने सात दिल्या असत्या, लागल्या असत्या आठच. चार फुटी तुकडे जोडून कोपरा उभा करता येतो म्हणा, पण तो पुढच्या अंगणातून कायम दिसणार. तळाची सुरुवातीची पट्टी घेराइतकी, दरवाजांची रुंदी सोडून: १११ फूट.

भाच्याला शिकवताना मला आमचाच ओटा आठवत होता. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइट बसवला तेव्हा दर ठरवताना कारागीर म्हणाला, “फुटाला अमुक.” मी मान डोलावली. दगड चौरस फुटाने, कडेची गोलाई रनिंग फुटाने, हे मला माहीत होतं. त्याने सांगितलेला दर कुठल्या फुटाचा, हे मी विचारलं नाही. बिल हातात आलं तेव्हा गोलाईचे फूट निराळे लावलेले होते, आणि आमच्या ओट्याला कडा दोन्ही बाजूंनी मोकळ्या. पैसे मुकाट्याने दिले. भाच्याला यातलं काही बोललो नाही.