वेपमधली तार आणि तिचे तापमान

वेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट, ओढणाऱ्या तरुणाला घरातल्या कोणी हटकले, की ‘ही नुसती पाण्याची वाफ आहे’ असे उत्तर हमखास मिळते. ते चुकीचे आहे. वेपच्या तोंडातून जो पांढरा ढग निघतो, तो प्रामुख्याने प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन या दोन द्रवांच्या अतिसूक्ष्म थेंबांचा असतो; त्यांत निकोटीन आणि स्वादद्रव्ये मिसळलेली असतात, आणि पाणी असलेच तर थोडेसे. मात्र या उत्तराला ‘म्हणजे सिगारेटच की ते’ असे जे प्रत्युत्तर मिळते, तेही तितकेच ढोबळ आहे. झुरका घेताना सिगारेटचे टोक सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि तंबाखू जळतो; वेपमध्ये ज्वलन अपेक्षितच नसते. वेपमधून नेमके काय बाहेर पडेल हे बऱ्याच अंशी त्यातली बोटाच्या पेराहूनही लहान तार किती तापते यावर ठरते, आणि हा लेख मुख्यतः त्या तारेविषयी आहे.

रचना साधी आहे. धातूच्या बारीक तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, आणि तिच्यात ओवलेली कापसाची वात. वात टाकीतला द्रव शोषून तारेपर्यंत आणते, बॅटरीचा प्रवाह तार तापवतो, द्रव उकळतो आणि बाहेरच्या थंड हवेत त्याच्या वाफेचे लगेच थेंब होतात. प्रॉपिलीन ग्लायकॉलचा उत्कलनबिंदू १८८ अंश आणि ग्लिसरीनचा २९० अंश आहे. दोहोंचे मिश्रण त्यांच्या प्रमाणानुसार मधल्या कुठल्यातरी तापमानाला उकळते. वात ओली आहे तोवर तारेची बहुतेक उष्णता द्रवाची वाफ करण्यात खर्ची पडते आणि तार उत्कलनबिंदूच्या फार वर जात नाही. वात कोरडी पडली, किंवा द्रव पोहोचण्याच्या वेगापेक्षा उष्णता अधिक वेगाने येऊ लागली, की ही नैसर्गिक वेसण सुटते. कोरड्या कॉइलवर केलेल्या मापनांत तापमान १००० अंशांच्या घरात गेल्याची नोंद आहे.

मधल्या टप्प्यात जे घडते ते रसायनशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ग्लिसरीनच्या रेणूतून पाण्याचे दोन रेणू निघून गेले की उरतो तो अॅक्रोलीन. कढईतले तेल जास्त तापून धूर धरू लागले की डोळ्यांत आणि घशात जे झोंबते, त्यात हाच अॅक्रोलीन असतो. या दोन द्रवांच्या विघटनातून फॉर्मल्डिहाइड आणि अॅसिटाल्डिहाइडही तयार होतात, आणि त्यांपैकी फॉर्मल्डिहाइडची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत निःसंशयपणे केली जाते. येथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. या विघटनाला उत्कलनासारखा ठरावीक बिंदू नसतो. तापमान वाढते तसा त्याचा वेग वाढत जातो, आणि तोही झपाट्याने. त्यामुळे अमुक अंशांच्या खाली सर्व सुरक्षित आणि वर सर्व घातक, अशी रेघ कोणी दाखवत असेल तर ती विक्रेत्याची रेघ आहे.

या प्रश्नावरचा सर्वांत गाजलेला वाद जानेवारी २०१५ मधला. अमेरिकेतील पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पत्र प्रसिद्ध करून कळवले, की एकच उपकरण ३.३ व्होल्टवर चालवले असता फॉर्मल्डिहाइडयुक्त संयुगे आढळली नाहीत, पण ५ व्होल्टवर ती मोठ्या प्रमाणात आढळली. वृत्तपत्रांनी फक्त दुसरा अर्धा भाग उचलला आणि वेप सिगारेटपेक्षा कित्येक पट कर्करोगजनक ठरल्याच्या बातम्या जगभर गेल्या. ग्रीक हृदयरोगतज्ज्ञ कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी दाखवून दिले, की अॅल्डिहाइडे (फॉर्मल्डिहाइडच्या जातीची संयुगे) भरमसाट वाढतात ती वात कोरडी पडून करपट चव येऊ लागते त्या अवस्थेत, आणि असा झुरका माणूस सहसा दुसऱ्यांदा घेत नाही. यंत्र मात्र निमूटपणे ओढत राहते. दोन्ही बाजूंचे म्हणणे एकत्र वाचले तर निष्कर्ष एकच निघतो, तो असा की तारेचे तापमान हाच कळीचा मुद्दा आहे. नंतरच्या प्रयोगांत साध्या वापरातही थोडी अॅल्डिहाइडे सापडली आहेत, म्हणून चव करपट लागली नाही एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही.

मग तापमान मोजायचे कसे? एवढ्या बारीक तारेला वेगळा सेन्सर टेकवणे अवघड, आणि टेकवला तरी त्याच्या स्पर्शाने तिचे तापमान बदलणार. अमेरिकेतील इव्हॉल्व्ह कंपनीने २०१४ मध्ये डीएनए ४० नावाचा सर्किट-बोर्ड बाजारात आणला, त्यात या अडचणीवर जो उपाय होता तो मला विलक्षण देखणा वाटतो. त्यात तापमापक नाहीच. तापणारी तार स्वतःच आपले तापमान सांगते.

यामागचे तत्त्व जुने आहे. हम्फ्री डेव्ही यांनी १८२१ मध्येच नोंदवले होते, की धातू तापला की त्याची विद्युतवहनक्षमता घटते. धातूतले मुक्त इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या अणूंच्या रांगांमधून वाट काढत जातात. अणू जागच्या जागी थरथरत असतात, तापमान वाढले की ही थरथर वाढते, इलेक्ट्रॉनांचे विखुरणे वाढते आणि पर्यायाने तारेचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, वाढतो. तो ओहम या एककात मोजतात. जुना, टंगस्टनच्या तारेचा १०० वॅटचा दिवा घरात कुठे पडून असेल तर मल्टिमीटर लावून पाहावे: थंड दिव्याचा रोध जेमतेम ३५ ते ४० ओहम भरतो, आणि २३० व्होल्टवर १०० वॅट या आकड्यांवरून गणित केले तर पेटलेल्या दिव्याचा रोध ५२९ ओहम निघतो. प्लॅटिनमच्या तारेचा रोध मोजून तापमान सांगणारे तापमापक कारखान्यांत सर्रास वापरले जातात. त्यांतल्या पीटी १०० या प्रकाराचा रोध शून्य अंशांना १०० ओहम आणि १०० अंशांना सुमारे १३८.५ ओहम असतो.

तापमान एका अंशाने वाढले असता रोध मूळच्या कितव्या भागाने वाढतो, त्या संख्येला रोधाचा तापमान गुणांक म्हणतात. निकेलसाठी तो सुमारे ०.००६, टायटॅनियमसाठी ०.००३५ आणि ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलसाठी ०.०००९ च्या आसपास असतो. म्हणजे खोलीच्या तापमानापासून २०० अंशांनी तापल्यावर निकेलच्या तारेचा रोध दुपटीहून अधिक होतो, टायटॅनियमचा सुमारे ७० टक्के वाढतो आणि स्टीलचा १८ टक्के. लोह, क्रोमियम आणि अॅल्युमिनियमची कँथल नावाची मिश्रधातू मात्र अर्धा टक्काही हलत नाही. कारण असे, की मिश्रधातूत निरनिराळे अणू विस्कळीतपणे बसलेले असल्याने इलेक्ट्रॉन थंड अवस्थेतही पुरेसे विखुरलेलेच असतात. उष्णतेच्या थरथरीने त्यात पडणारी भर नगण्य ठरते. (स्टीलही मिश्रधातूच, आणि म्हणूनच त्याचा गुणांक शुद्ध निकेलपेक्षा इतका कमी.) कँथलची कॉइल लावलेल्या उपकरणावर तापमान-नियंत्रणाची खूण दिसत असली तरी तिला अर्थ नाही, हे यावरून समजावे. वॅट दाखवणारे साधे उपकरण तर तारेत किती शक्ती ओतली जात आहे एवढेच सांगते. ती शक्ती द्रव उकळण्यात गेली की तार लाल करण्यात, याचा त्याला पत्ता नसतो.

आता उपकरण काय करते ते पाहू. समजा, २० अंशांना स्टीलच्या कॉइलचा रोध ०.५ ओहम आहे आणि गुणांक ०.०००९२ धरला आहे. वापरणाऱ्याने २२० अंशांची मर्यादा घातली. २०० अंशांच्या वाढीसाठी रोध ०.५ × १.१८४, म्हणजे ०.५९२ ओहम व्हायला हवा. उपकरण प्रवाह सोडताना व्होल्टेज आणि प्रवाह सतत मोजते, भागाकार करून रोध काढते आणि तो ०.५९२ च्या जवळ आला की शक्ती कापते. वात कोरडी असेल तर रोध क्षणार्धात तिथे पोहोचतो, शक्ती कापली जाते आणि ढग जवळजवळ येतच नाही. काही जणांना हा बिघाड वाटतो. वास्तविक हीच ती वेसण.

सगळा डोलारा मात्र त्या पहिल्या ०.५ ओहमवर उभा आहे. नुकतीच वापरलेली, अजून ६० अंशांवर असलेली कॉइल काढून पुन्हा बसवली आणि उपकरणाने तिचाच रोध थंड रोध म्हणून नोंदवला, तर काय होईल? ६० अंशांना रोध ०.५१८४ असतो. उपकरण त्यालाच २० अंशांचा रोध समजते आणि ०.५१८४ × १.१८४, म्हणजे सुमारे ०.६१४ ओहमपर्यंत वाट पाहते. खऱ्या कॉइलसाठी हा रोध २६७ अंशांचा आहे. पडद्यावर २२०, प्रत्यक्षात २६७. म्हणून कॉइल पूर्ण थंड झाल्याखेरीज तिचा रोध नोंदवू नये, तिचे आटे घट्ट बसवावेत (सैल जोडातला ओहमचा शंभरावा भागदेखील हिशेब बिघडवतो), आणि धातू बदलला तर उपकरणातली निवडही बदलावी.

दुसरी मर्यादा गणितानेही सुटत नाही. रोध हा सबंध तारेचा असतो, त्यामुळे त्यावरून कळते ते सरासरी तापमान. तारेचा नऊ-दशांश भाग २०० अंशांवर आणि एक-दशांश भाग ४०० अंशांवर असेल, तर सरासरी २२० च येते, आणि त्या कोरड्या दशांश भागावर ग्लिसरीन बिनबोभाट विघटित होत राहते. वात सर्व वेटोळ्यांना सारखी टेकलेली असणे, वेटोळी समान अंतरावर असणे आणि गोड द्रवातल्या सुक्रालोजसारख्या पदार्थांचा काळा थर तारेवर साचण्यापूर्वी कॉइल बदलणे, या गोष्टी चिपवर सोपवता येत नाहीत. थर जाळून टाकण्यासाठी कॉइल कोरडीच लाल करण्याची सवय टायटॅनियमच्या बाबतीत विशेष वाईट, कारण पृष्ठभागावर ऑक्साइडची भुकटी तयार होते.

तापमान ताब्यात ठेवल्याने टळते ते अतितापातून होणारे विघटन. द्रवात मुळातच जे आहे ते टळत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत वेप ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांना तीव्र इजा होण्याची साथ आली, फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची आणि ६८ मृत्यूंची नोंद झाली, आणि प्रमुख संशयित ठरले ते टीएचसी या गांजातल्या नशा आणणाऱ्या द्रव्याच्या, वेपमध्ये बसवायच्या बेकायदा कुप्यांत भेसळ केलेले व्हिटॅमिन ई अॅसिटेट. हाच पदार्थ त्वचेला लावायच्या क्रीममध्ये निर्धोकपणे वापरला जातो. लोण्याच्या स्वादाचे डायअॅसिटिल खाण्यात चालते, पण मिसुरी राज्यातल्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यात त्याची वाफ श्वासात गेल्याने कामगारांच्या श्वासनलिका कायमच्या आक्रसल्याचे २००० साली उघड झाले. ब्रिटनमध्ये वेपच्या द्रवात ते वापरण्यास बंदी आहे. पोट आणि फुप्फुस यांचे नियम निराळे आहेत. आपल्याकडे ‘हर्बल’ किंवा ‘निकोटीनविरहित’ अशा लेबलांवर जी श्रद्धा दिसते, तिचे उत्तरही यातच आहे: वनस्पतीपासून मिळाले म्हणून काही श्वासात घेण्याजोगे होत नाही, आणि तेलकट अर्क तर फुप्फुसात उतरताच कामा नये. उलट बाजूचा अतिउत्साहही नमूद करायला हवा. वेप सिगारेटपेक्षा ९५ टक्के कमी हानिकारक आहे, हे इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या २०१५ च्या अहवालामुळे सर्वतोमुखी झालेले वाक्य तज्ज्ञांच्या एका गटाच्या अंदाजावर आधारलेले होते, मोजमापावर नव्हे.

सिगारेट सोडण्यासाठी वेपकडे वळलेल्या आणि ते कायदेशीर असलेल्या देशात राहणाऱ्या व्यक्तीने काय पाळावे, हे वरील विवेचनातून बरेचसे निघतेच. नवी कॉइल द्रवात काही मिनिटे भिजू द्यावी; लागोपाठ झुरके न घेता वातीला पुन्हा द्रव शोषायला वेळ द्यावा; करपट चव आली की त्याच क्षणी थांबावे. लिथियमचे सुटे सेल नाणी आणि किल्ल्यांसोबत खिशात ठेवू नयेत, आणि निकोटीनचा द्रव त्वचेतूनही शोषला जात असल्यामुळे बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. एक सवय मात्र वरवर शहाणपणाची वाटूनही उलटते. लंडन साउथ बँक विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात, मिलीलिटरमागे १८ मिलिग्रॅमऐवजी ६ मिलिग्रॅम निकोटीनचा द्रव दिल्यावर लोक अधिक वेळा आणि अधिक लांब झुरके घेऊ लागले, द्रव जास्त खपला आणि फॉर्मल्डिहाइडशी संपर्क वाढल्याच्या खुणा दिसल्या. शरीर निकोटीनचा आपला हिशेब पुरा करून घेते, आणि त्यासाठी तार अधिक वेळ तापत राहते. त्यामुळे निकोटीन घटवायचे ते धूम्रपान सोडवणाऱ्या तज्ज्ञाच्या सल्ल्याने, हळूहळू.

भारतात हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक आणि जाहिरात यांवर बंदी आहे, आणि त्यातली व्याख्या निकोटीन असलेल्या व नसलेल्या दोन्ही उपकरणांना लागू होते. तेव्हा ‘हर्बल’ वेप कायद्यातून सुटते ही विक्रेत्यांची थाप आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकते. तरीही मुंबई-पुण्यात चोरीछुपे जे विकले जाते त्यात वापरून फेकायच्या रंगीत कांड्या मोठ्या प्रमाणावर असतात. त्यांची कॉइल बदलता येत नाही, वात कितपत ओली आहे ते दिसत नाही, तार कोणत्या धातूची हे कळायला मार्ग नाही आणि तापमानाची मर्यादा घालायला बटणही नसते. म्हणजे या लेखातली एकही काळजी त्यांच्या बाबतीत घेता येत नाही. त्यांच्या वेष्टनावर अनेकदा ‘५ टक्के’ असे छापलेले असते. आकडा किरकोळ वाटतो, पण त्याचा अर्थ मिलीलिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम निकोटीन, आणि ब्रिटनमध्ये प्रौढांना विकायच्या द्रवावरची कायदेशीर कमाल मर्यादा २० मिलिग्रॅम आहे.