खारं पाणी लागलं की रेग्युलेटर स्वच्छ होतो?

तारकर्ली-मालवणला स्कूबाला गेलात की रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं उपकरण) हातात देताना होडीत कुणीतरी म्हणतंच, "समुद्राच्या मिठाने जंतू मरतात, बिनधास्त तोंडात धरा." मरत नाहीत हो! समुद्राच्या पाण्यात मीठ असतं जेमतेम 3.5 टक्के. गळवं आणणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत तो मुद्दाम 7.5 टक्के मिठाच्या माध्यमात वाढवतात, आणि तिथेही तो मजेत वाढतो.

दुसऱ्याची उष्टी हवा आत जाईल, एचआयव्ही होईल, ही उलट टोकाची भीतीही पोकळच. सिलिंडरमधली हवा उष्टी नसते. सोडलेला श्वास एकदिशा झडपेतून सरळ पाण्यात जातो, ते बुडबुडे त्याचेच. लाळेतून एचआयव्हीही पसरत नाही. काळजी करायची ती माउथपीसची. दातांत धरायच्या सिलिकॉनच्या खोबणीत लाळ अडकते. आधीच्या माणसाला सर्दी, फ्लू किंवा ओठांवर हर्पिसचे फोड असतील, तर ते पुढच्याला लागू शकतात.

सगळ्यांचे रेग्युलेटर एकाच बादलीत बुचकळणं म्हणजे धुणं नव्हे. उलट एकाची लाळ सगळ्यांना! आधी साबणाच्या पाण्याने चिकटा काढायचा, मग जंतुनाशकात बाटलीवर लिहिलेला पूर्ण वेळ ठेवायचं (दोन गटांच्या घाईत नेमकी हीच पायरी गळते), नंतर गोड्या पाण्याने खळबळून सुकवायचं. वेटसूटचा (अंगात घालायच्या रबरी पोशाखाचा) वास नकोसा वाटतो खरा, पण तो तुमच्या तोंडात जात नाही.

डायव्हिंग वारंवार करणार असाल तर स्वतःचा माउथपीस घ्या. तो प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळलेला असतो. पट्टी कापून सहज बदलता येतो.