अडॅप्टिव्ह क्रूझचा ब्रेक वेगळा, इमर्जन्सी ब्रेक वेगळा

"गाडीत अडास आहे, पुढं काही आलं की आपोआप थांबते." सोलापुरात होटगी रोडच्या चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत हे वाक्य ऐकून कान किटले. शोरूममधली पोरंही तेच सांगतात, "मालक, ब्रेकवर पाय ठेवायचीच गरज नाही." गरज आहे. अडास म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणांचा संच, आणि त्यात 'आपोआप ब्रेक' नावाची एकच वस्तू नसते, दोन असतात. ब्रेकचं पेडल एकच असलं तरी तो कोण मारणार, कधी, किती जोरात आणि कशासाठी, हे दोघांचं पूर्ण निराळं आहे.

साधा क्रूझ कंट्रोल सगळ्यांनी वापरलाय, त्यावर वेळ घालवत नाही. ९० लावला की ९०, पुढं कोणी असो नसो. अडॅप्टिव्ह क्रूझ त्याच्या जोडीला पुढच्या गाडीपासूनचं अंतर राखतो. पुढची बस ७० वर आली की आपण ७० वर, बस बाजूला झाली की आपण परत ९० वर. पुणे-सोलापूर अडीचशे किलोमीटरच्या प्रवासात उजव्या पायाला आराम, एवढाच त्याचा धंदा.

दुसरा ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेक, म्हणजे एईबी. हा एरवी गप्प असतो. तुम्ही स्वतः चालवत असा नाहीतर क्रूझवर असा, मागं बसून बघत असतो. धडक आता टळत नाही असं गणित जमलं की आधी पीं-पीं करतो आणि मग अंगात आल्यासारखा ब्रेक मारतो.

किरकोळ फरक एका दमात सांगतो. क्रूझ बटण दाबून लावावा लागतो, एईबी बहुतेक गाड्यांत इग्निशनबरोबर चालूच होतो. क्रूझ ब्रेक पेडलला पाय लागला की सुटतो, एईबी सुटत नाही. आणि गाडीवर 'अडास' लिहिलंय म्हणून दोन्ही असतीलच असं नाही. २०२३ च्या व्हेन्यूत एईबी होता, लेनची मदत होती, पण क्रूझ साधाच होता. असल्या गाडीत 'क्रूझ लावला, आता ती अंतर राखेल' म्हणून निवांत बसलेले लोक मी पाहिलेत. स्टिकर वाचू नका, मॅन्युअल वाचा.

गाडी स्वतः किती चालवते ते सांगणाऱ्या 'लेव्हल'चा घोळही इथंच उरकतो. हे आकडे एसएई या अमेरिकन संस्थेचे, २०१४ पासूनचे, शून्य ते पाच. त्यात एईबी कुठं बसतो? शून्यात. क्षणभर मध्ये पडून बाजूला होतो, म्हणून ती गाडी चालवण्यातली मदत धरतच नाहीत. अडॅप्टिव्ह क्रूझ एकटा असला तर लेव्हल वन, त्याला लेनच्या मधोमध ठेवणारं स्टिअरिंग जोडलं की लेव्हल टू. म्हणजे लेव्हलचा आकडा मोठा झाला म्हणून गाडी जास्त चांगली वाचवते असा अर्थ निघतच नाही. लेव्हल टूपर्यंत चालक तुम्हीच, जबाबदारीही तुमचीच. लेव्हल थ्रीला काही ठरावीक परिस्थितीत गाडी स्वतः जबाबदारी घेते, आणि २०२२ मध्ये मर्सिडीजनं जर्मनीत ती दिली तेव्हा मर्यादा होती ताशी ६० किलोमीटर, तीही ठरावीक महामार्गांवर. जर्मनीतली ही गत, आणि आपल्याकडं लेव्हल टूवाला मोहोळच्या पुढं हात ठेवलाय असं गाडीला भासवायला स्टिअरिंगवर पाण्याची बाटली अडकवून रील काढतो.

आता मुद्द्याचं. या दोघांची गल्लत जिथं खरोखर महागात पडते ती एकच जागा आहे: तुमच्या लेनमध्ये थांबलेली गाडी.

चालत्या गाडीमागं अडॅप्टिव्ह क्रूझ झकास चालतो. बस हळू झाली की हळू, बस थांबली तर ज्या गाड्यांना तेवढं येतं त्या मागं थांबतातही. हे चार वेळा बघितलं की माणसाचा विश्वास बसतो, आणि मग तो म्हणतो की ही थांबलेल्या गाडीमागंही थांबते. इथंच फसतो. थांबत गेलेली गाडी आणि आधीपासून थांबलेली गाडी, रडारच्या लेखी या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

रडार ७७ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी सोडतं आणि परत आलेल्या लहरींतल्या फरकावरून समोरची वस्तू किती वेगानं जवळ येतेय ते ओळखतं. पुढं ७० नं चाललेली बस त्यात उठून दिसते. पण जागेवर उभ्या वस्तूचा जवळ येण्याचा वेग किती? तुमच्या गाडीचा वेग असेल तेवढाच. आणि नेमका तोच वेग उड्डाणपुलाचा, दिशादर्शक कमानीचा, दुभाजकाच्या रेलिंगचा आणि रस्त्यातल्या लोखंडी झाकणाचाही. या सगळ्यांसाठी ब्रेक मारत बसलं तर गाडी सावळेश्वरच्या टोलनाक्यापर्यंतसुद्धा पोचायची नाही. म्हणून मोठ्या वेगात, आधी कधी हललेलीच दिसली नाही अशी वस्तू क्रूझ बऱ्याचदा हिशेबातच धरत नाही. कॅमेऱ्यानं यात सुधारणा झाली आहे, नव्या गाड्या दिवसाउजेडी बरंच ओळखतात. पण 'थांबलेली वाहने ओळखता येतीलच असे नाही' या अर्थाची ओळ मॅन्युअलमध्ये असतेच. ती वकिलांनी घुसडलेली नाही, इंजिनिअरनं लिहिलेली आहे.

त्यात भर म्हणजे क्रूझचा ब्रेक मुळात मऊ ठेवलेला असतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ताशी ७२ किलोमीटरच्या वर त्यानं दर सेकंदाला साधारण साडेबारा किलोमीटरपेक्षा जास्त वेग कमी करायचा नसतो, नाहीतर मागचा येऊन धडकेल. या हिशेबानं १०० वरून शून्यावर यायला आठ सेकंद आणि ११० मीटर लागतात. तुम्ही घाबरून दोन्ही पायांनी उभे राहिलात तर कोरड्या रस्त्यावर पंचेचाळीस-पन्नास मीटरमध्ये थांबाल.

आता हे सगळं घेऊन रात्री टेंभुर्णीच्या पुढं या, तेही गळीत हंगामात. जिल्ह्यात तीसहून जास्त साखर कारखाने, त्यामुळं दिवाळीनंतर रस्त्यावर काय असतं ते सोलापूरकराला सांगायला नको. डबल ट्रॉली, दोन्ही बाजूंनी लोंबणारा ऊस, टेल लॅम्प असलाच तर उसाच्या हिरव्या शेंड्यांखाली झाकलेला. त्यातली एक पंक्चर होऊन उजव्या लेनमध्ये जॅकवर चढवलेली, आणि मागं इशारा म्हणून चार दगड आणि बाभळीची एक फांदी. फांदीचा अर्थ आपल्याला लांबून कळतो. रडारला बाभळ वाचता येत नाही.

तुम्ही क्रूझ १०० वर लावलाय, पण पुढं ट्रॅव्हल्सची बस ७० वर असल्यामुळं तुम्हीही ७० वर. डॅशबोर्डवर पुढच्या गाडीचं छोटं चित्र दिसतंय, सगळं छान चाललंय. बसच्या ड्रायव्हरला फांदी दिसते, तो झटकन डाव्या लेनमध्ये कट मारतो. डॅशबोर्डवरचं चित्र गायब. क्रूझच्या दृष्टीनं रस्ता मोकळा झाला, म्हणून तो इमानेइतबारे १०० कडं निघतो. गाडी पुढं झेपावते, आणि हेडलाइटमध्ये ऊस उभा राहतो.

हे मनचं सांगत नाही. २२ जानेवारी २०१८ ला कॅलिफोर्नियात कल्व्हर सिटीच्या महामार्गावर ऑटोपायलट या लेव्हल टू यंत्रणेवर असलेल्या टेस्लाचं तंतोतंत असंच झालं. पुढची गाडी लेन बदलून बाजूला झाली, टेस्लानं ताशी ३४ वरून ५० किलोमीटरपर्यंत वेग वाढवला आणि लेनमध्ये उभ्या अग्निशमन दलाच्या गाडीवर आदळली. सुदैवानं कोणाला इजा झाली नाही. धोक्याचा इशारा धडकेआधी सुमारे अर्धा सेकंद वाजला. आणि एईबी? तो लागलाच नाही. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत हे सगळं नोंदलेलं आहे.

"पण क्रूझ चुकला तर एईबी आहेच की" म्हणणाऱ्यांसाठी अजून थोडं. एईबी ज्या वेगासाठी बनवलाय तो वेग बघा. युरोपात २०२४ पासून प्रत्येक नव्या कारला एईबी लागतो, आणि संयुक्त राष्ट्रांच्या ज्या नियमानं तो तपासतात त्यात उभ्या कारला धडक पूर्ण टळायची अपेक्षा आहे ताशी सुमारे ४० पर्यंत. त्याच्या वर वेग कमी झाला तरी पास. अमेरिकेनं १०० च्या आसपास धडक टाळणारा एईबी सक्तीचा केलाय, पण सप्टेंबर २०२९ पासून. म्हणून एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर खोक्यांची भिंत रचून ३० च्या वेगानं गाडी थांबवून दाखवणारे व्हिडिओ मला फॉरवर्ड करू नका. ३० ला ती थांबणारच. आणि खोक्याच्या जागी भावाला उभं करणाऱ्यांशी मी बोलतही नाही.

शिवाय तपासणी कारच्या पाठीवर होते. माणसं आणि सायकलीही ओळखायला शिकवलेल्या असतात. लोंबत्या उसाचा ढीग, बिनदिव्याची बैलगाडी, आडवी आलेली म्हैस हे त्या अभ्यासक्रमात नाही.

एईबीला नावं ठेवत नाही हं. मला दोघांतला एकच निवडायचा असेल तर डोळे झाकून एईबी निवडीन. १०० ची धडक त्यानं ६० वर आणली तरी धडकेची ऊर्जा जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर येते, आणि तिथं माणूस वाचतो. सोलापूरच्या सात रस्ता चौकात कोणी मोबाईल बघत आडवा आला तर तो पूर्णच वाचवू शकतो. पण लोक करतात उलटं. गर्दीत पीं-पीं होतं म्हणून मेनूत जाऊन एईबी बंद, आणि आराम मिळतो म्हणून क्रूझ रात्रंदिवस चालू.

आणखी एक खोड: क्रूझ लावून ॲक्सिलरेटरवर पाय टेकवून बसणं. 'तयारीत' असावं म्हणून. पेडल दाबलेलं असलं की गाडी समजते मालकाला पुढं जायचंय, आणि क्रूझ ब्रेक मारत नाही. एईबीसुद्धा काही गाड्यांत जोरात दाबलेल्या ॲक्सिलरेटरपुढं माघार घेतो. पाय तयारीत ठेवायचा तर ब्रेकसमोर ठेवा, न टेकवता.

माझ्या गाडीत एईबीचा इशारा 'लवकर' वर आहे, क्रूझचं अंतर सगळ्यात लांबचं. मधल्या जागेत मोटरसायकली घुसतात, घुसू देत. दिवसा इंदापूर ते भिगवण क्रूझ खुशाल लावतो. हंगामात अंधार पडला की लावत नाही, कोजागरीला पायी निघालेल्या भाविकांच्या तुळजापूर रस्त्यावर तर आदल्या दिवसापासूनच नाही. आणि पुढची काच बदलली असेल तर गॅरेजवाल्याला आधी विचारा की काचेमागचा कॅमेरा कॅलिब्रेट केला का, म्हणजे त्याचा नेम पुन्हा जुळवला का. "त्याला काय होतंय" म्हणाला तर गाडी तिथून काढा आणि ते करून देणारं वर्कशॉप शोधा.