कुलमुखत्यारपत्र: कोण देऊ शकतो, काय लागते आणि ते कधी संपते

वडील गावी, जमीन तिथेच आणि मुलगा पुण्यात. अशा घरात तलाठ्यापासून बँकेपर्यंत वडिलांच्या वतीने सही करायला कुलमुखत्यारपत्र लागते. लिहून देणारा सज्ञान आणि मनाने शाबूत हवा. तो अंथरुणाला खिळलेला असला तरी भानावर असेल, तर गृहभेटीसाठी अर्ज करून दुय्यम निबंधकाला (दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याला) घरी बोलावता येते.

खरी काळजी मजकुराची घ्या. ‘माझ्या सर्व मिळकतींबाबत सर्व अधिकार’ असे वाक्य तयार मसुद्यात सर्रास असते. ते खोडायला लावा. गट नंबर, क्षेत्र, गाव आणि नेमके काम लिहा: मोजणीचा अर्ज, वारसनोंद, भाडे वसुली. विक्रीचा अधिकार द्यायचा नसेल तर तसे स्पष्ट नमूद करा. मुदतही घाला.

लिहून देणारा आणि मुखत्यार (ज्याला अधिकार दिला तो) या दोघांचे आधार व पॅन, पासपोर्ट आकाराचे फोटो, मिळकतीचा ताजा सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि ओळखपत्रासह दोन साक्षीदार, एवढी तयारी लागते. किरकोळ कामाला नोटरी चालते. मिळकत विकण्याचा अधिकार असेल तर दस्त दुय्यम निबंधकासमोरच करा. आईवडील, भावंडे, पती-पत्नी, मुलगी, नातवंडे अशा जवळच्या नात्यात बिनमोबदला विक्रीचा अधिकार दिल्यास मुद्रांक 500 रुपये. परक्याला दिल्यास खरेदीखताइतका.

मुखत्यारपत्रावर जमीन ‘विकत घेतली’ म्हणणारे आजही भेटतात. अशा कागदाने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे.

एक गोष्ट घरोघरी माहीत असायला हवी. लिहून देणारा वारला किंवा त्याचे मानसिक भान गेले, की साधारण मुखत्यारपत्र संपते (करार अधिनियम 1872, कलम 201). वडिलांच्या पश्चात त्यावर कोणी सही करू नये. मृत्यूनंतरची सोय हवी असेल तर मृत्युपत्र वेगळे करा.

हयातीत अधिकार काढून घ्यायचा असेल तर रद्दलेख करून मुखत्याराला लेखी नोटीस द्या आणि जिथे जिथे तो कागद दाखवला होता, त्या बँकेला व कार्यालयालाही कळवा.

लिहून देणारा परदेशात असेल तर तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत सही करावी. कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथला मुद्रांक भरावा लागतो.