वरचं माउंटिंग पुन्हा पुन्हा फाटतंय? मग खालचं बघा

माउंटिंग म्हणजे इंजिन गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणारा रबरी आधार. ‘इंजिन माउंटिंग गेलं’ असं म्हणताना तीनपैकी कोणतं, हे कुणी सांगतच नाही. नवं टाकतात, वर्षभरात ते पुन्हा फाटतं, आणि मग पार्टच डुप्लिकेट होता म्हणून बोंब.

स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस घ्या, आपल्याकडे 2017 मध्ये आलेली, 230 पीएसची. इंजिन आडवं, ओढ पुढच्या चाकांची. वरची दोन माउंटिंग वजन पेलतात, थरथर गिळतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे. खालचं तिसरं, हाडाच्या आकाराचं म्हणून ‘डॉगबोन’, वजन अजिबात पेलत नाही. गॅस (ॲक्सिलरेटर) दिल्यावर इंजिन उलटं पिळू पाहतं, ते अडवणं एवढंच त्याचं काम.

घोळ इथेच होतो. लोक इंजिनाच्या 350 न्यूटन-मीटर टॉर्कचा, म्हणजे पिळण्याच्या जोराचा, हिशेब करतात. पण इथे इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारे गिअर) सगळं एकच धड, म्हणून माउंटिंगना सोसावा लागतो तो चाकांपर्यंत पोचलेला टॉर्क. पहिल्या गिअरमध्ये टॉर्क एकूण नुसता बारा पट होतो असं धरलं तरी 4200 न्यूटन-मीटर. टायर घसरले तर कमी. पण घसरत-पकडत चाक उड्या मारायला लागलं, तर झटके फार वाईट. त्यात रीमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये बदल, केलेला असेल तर विचारूच नका. डॉगबोनचं रबर गेलं की इंजिन पुढे-मागे झुलतं आणि तो सगळा मार वरच्या दोघांवर येतो. बॉनेट उघडल्यावर दिसतं वरचं, म्हणून बदललं जातं तेच. खालच्यासाठी गाडी लिफ्टवर घ्यावी लागते ना!

सिग्नलला ऑटोमॅटिक गिअरच्या ‘डी’मध्ये (ड्राइव्ह) थरथर असेल तर संशय वरच्यावर. गॅस सोडता-दाबताना ‘धप्प’ झालं तर खालच्यावर. हँडब्रेक ओढून, ब्रेक घट्ट दाबून डी-आर, डी-आर (ड्राइव्ह-रिव्हर्स) करा आणि इंजिन किती कलतं त्याचा बाजूने व्हिडिओ घ्यायला सांगा. गाडीच्या पुढेमागे कुणीही नको.

रबर फुगून मऊ झालं असेल तर तो टॉर्कचा प्रश्नच नाही, आधी ऑइलची गळती थांबवा.

माझं ठरलेलं आहे: वर कंपनीचीच, खाली पॉलीयुरेथेनचा, म्हणजे रबरापेक्षा कडक मटेरियलचा, इन्सर्ट. तिन्ही पॉली करणाऱ्यांनी मग डॅशबोर्ड खुळखुळ्यासारखा वाजतो म्हणून रडू नये. आणि बसवताना बोल्ट नवेच घ्या. ठरलेले अंश फिरवून ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा वापरायचा नसतो. शेवटचं आवळण्याआधी इंजिन हलवून आपल्या जागी बसू द्या. तिरकं आवळलेलं माउंटिंग गॅरेजमधून निघतानाच पिळलेलं असतं.