शेंग पोचट का राहते?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वावरातला भुईमूग उपटला. निंबाच्या सावलीत शेंगा तोडता तोडता एका काकूंनी एक शेंग बोटांत दाबली. ती फटकन फुटली, आत नुसती वाळकी साल. "हे तं सारं पोचट निंगालं!" शेजारच्या बाईनं लगेच कारणही सांगितलं: फुलांतून मातीत उतरणाऱ्या आऱ्या सुटत होत्या तेव्हा विटाळाची बाई वावरातून गेली. मला फार वाईट वाटलं. पिकाची नासाडी ती नासाडी, वर दोष बाईच्याच माथी.

आधी शब्द पाहू. खुरटलेलं झाड सगळंच लहान राहतं. कोवळ्या शेंगेला अजून वेळ असतो, थांबलात तर ती भरते. पोचट शेंगेची वेळ मात्र निघून गेलेली असते. टरफल पूर्ण वाढलं, दाणा भरायचा राहिला. ज्वारीचा दाणा, सोयाबीनची शेंग यांनाही आपण पोचट म्हणतो, आणि वरून भारदस्त पण आत दम नसलेल्या युक्तिवादालाही. अर्धवट वाढीचा एवढा नेमका प्रकार तीन अक्षरांत सांगणारा शब्द आपल्याकडे आहे, याचा मला अभिमान वाटतो.

आता भुईमुगाची करामत. फूल जमिनीच्या वर येतं. फलन झाल्यावर बीजांडकोशाखालचा भाग लांबतो, खाली वळतो आणि मातीत घुसतो. हीच आरी. तिच्या टोकाशी असलेला गर्भ उजेडात वाढ थांबवून बसलेला असतो. मातीतला अंधार मिळाला की पुन्हा वाढू लागतो. आधी टरफल मोठं होतं, मग दाणा भरतो.

दाण्याला कॅल्शियम लागतं. पेशींच्या भिंतींत पेक्टिनच्या लांब साखळ्या असतात. कॅल्शियमच्या आयनावर दोन धन प्रभार असल्यामुळे तो शेजारच्या दोन साखळ्यांवरचे ऋण प्रभारित गट एकत्र धरतो आणि भिंत बांधली जाते. पण हे कॅल्शियम शेंगेपर्यंत यायचं कसं? मुळांनी घेतलेलं कॅल्शियम पाण्याबरोबर जलवाहिन्यांतून चढतं आणि ते पाणी ओढतात पानं, बाष्पोच्छ्वासामुळे. मातीत पुरलेल्या शेंगेतून बाष्प उडत नाही, म्हणून तिच्याकडे पाणी फारसं वळत नाही. पानांत तयार झालेली साखर रसवाहिन्यांतून शेंगेत उतरते, पण कॅल्शियम त्या वाटेनं जवळजवळ हलतच नाही. त्यामुळे शेंगेला ते टरफलातून, भोवतीच्या मातीतून स्वतःच शोषावं लागतं. झाडाला मुळं असताना फळानं स्वतःचं जेवण स्वतः घ्यायचं!

म्हणूनच पानांवर फवारायचं कॅल्शियमचं महागडं टॉनिक शेंगा भरायला कामी येत नाही. ते पानांतच राहतं.

आपल्या काळ्या मातीत चुनखडी, म्हणजे कॅल्शियमचंच संयुग, भरपूर असते, मग कमतरता कशी? शुद्ध पाण्यात चुनखडी लिटरला जेमतेम 0.015 ग्रॅम विरघळते, तर जिप्सम, हेही कॅल्शियमचंच खनिज, सुमारे 2.4 ग्रॅम. आऱ्या सुटताना झाडांच्या बुडाशी जिप्सम टाकायला सांगतात ते यासाठी. पण जिप्सम असो की चुनखडी, वरची चार-पाच सेंटिमीटर माती कोरडी असेल तर विरघळणार कशात? खोल मुळांना ओल मिळत राहते, झाड हिरवंगार दिसतं आणि शेंगेजवळची माती मात्र एप्रिलच्या उन्हात कोरडी पडलेली असते. बोरॉनची कमतरता, शेंगकूज, अति उष्णता ही कारणंही असतात, पण पहिली शंका मी इथेच घेईन.

आमच्याकडे विजेची लाइन रात्रीची होती. पाण्याच्या दांडाजवळच्या सऱ्या भिजायच्या, टोकापर्यंत पाणी जाण्याआधीच मोटर बंद पडायची. त्या दिवशी मी काकूंना दांडाजवळच्या आणि टोकाच्या शेंगांचे दोन वेगळे ढीग करायला सांगितले. दोन्हीकडे त्याच बायांनी निंदण केलं होतं. टोकाच्या ढिगात पोचट शेंगा कितीतरी जास्त निघाल्या. काकू दोन्ही ढिगांतल्या शेंगा फोडून बघत बराच वेळ बसल्या आणि मग म्हणाल्या, "म्हंजे पाणीच नाई पोचलं तिथं."